दोन हात फिल्म

त्रेपन्न दिवस, रोजचे तीन खेळ,
हा सिनेमा मी दाखवला
आणि पाहिला मात्र परवा, रविवारी,
वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये,
प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, मांडीवर शेवेची पुडी घेऊन.

मैत्रेयी म्हणाली, आजोबा, तुम्हाला तर पाठ असेल.
मला पाठ होते उजव्या कोपऱ्यातले ठिपके:
पहिला आला की दुसरं मशीन चालू,
दुसरा आला की झडप पाडायची.
बाकीचा वेळ कार्बनच्या कांड्या, त्यांच्यातलं अंतर, धूर,
आणि जिन्याच्या खिडकीतून डोकावणं
की अकरावं रीळ घेऊन नंदराम
छावणीहून निघाला, की कुठे पोहे खात बसला.
एकच प्रिंट, दोन टॉकीज.
त्यांच्याकडे स्टुडिओला कुलूप लागत असे
तेव्हा आमच्याकडे मुहूर्ताचा नारळ फुटायचा.

केबिनमधला भोंगा बिघडलेला.
सेठ म्हणायचे, टिल्लू, तुम्हाला ऐकून काय करायचंय?
खरंच.
मशीनच्या खडखडाटात, चौकोनी भोकातून
ओठ हलताना पाहिले, आणि गोष्ट मीच रचली:
ती नटी, तो दिग्दर्शक, मधे तो जाड निर्माता,
म्हणजे प्रेमाचं प्रकरण असणार.
कुमुदलाही तशीच सांगितली.
जेवताना रडली होती थोडी.

परवा कळलं, प्रेम नव्हतंच फारसं.
जाड निर्माता सज्जन निघाला.
सबंध सिनेमाभर ती पैशांबद्दल बोलत होती सगळी,
थकलेला पगार, भाड्याचे दागिने,
उद्याच्या शूटिंगला बर्फ कुठून आणायचा.
मला हसू आलं. शेजारच्या बाईंनी वळून पाहिलं.
ठिपके कुठेच नव्हते. साफ करताना पुसले म्हणे.
तरी दर दहा मिनिटांनी माझा उजवा हात
खुर्चीखाली काहीतरी शोधून यायचा.

मग तो दिवेवाला पडला,
छताजवळच्या फळीवरून, शॉट चालू असताना.
हे ठाऊक होतं. माणूस पडलेला कळायला भोंगा लागत नाही.
पुढचंही ठाऊक होतं: दुसरा दिवस, तोच सेट,
तीच साडी, नटी खुणेवर येऊन उभी राहते,
आणि इथे माझी प्रिंट उडी मारायची.

इथेच. चौथ्या दिवशी, रात्रीच्या खेळाला
फिल्म गेटमध्ये अडकली, पडद्यावर तपकिरी फोड उठला,
खाली शिट्ट्या, खुर्च्यांची आदळआपट.
दोन हात फिल्म कापली मी,
टोकं खरवडली, सिमेंट लावलं, दाबून धरलं,
चार मिनिटांत पुन्हा उजेड.
सेठने पाठ थोपटली होती.
कापलेल्यातल्या चार चौकटी तंबाखूच्या डबीत ठेवल्या,
अधूनमधून बल्बसमोर धरायचो:
तिचा हात अर्धा वर, तोंड किंचित उघडं.
नायकाला हाक मारतेय, मी कुमुदला म्हणालो.
आणि साठ वर्षं तेच धरून चाललो.

परवा तो हात पूर्ण वर गेला.
कपाळाशी थांबला, उन्हात धरतात तसा.
तिने डोळे बारीक केले, नायकाकडे नाही,
कॅमेऱ्याकडेही नाही, दिव्यांच्या पार पाहिलं
आणि विचारलं, "ऊपर आज कौन है?"

दोन सेकंद. जास्त नाही.
वरून कोणी ओ दिली नाही. दिग्दर्शक म्हणाला, चलो.
पहिल्या तीन दिवसांतल्या लोकांनी ऐकलं असेल.
बाकीच्या इंदुरात कोणी नाही.
छावणीतही नाही. एकच प्रिंट.

सिनेमा पुढे गेला, सगळे पुढे पाहत होते.
मी मान वळवून मागे, वर पाहिलं.
तिथे भिंत, भिंतीवर माजी अध्यक्षांचे फोटो,
खाली टेबलावर लॅपटॉप, आणि एक मुलगा, फोन चाळणारा.

मध्यंतरात उठून त्याच्यापाशी गेलो, नाव विचारलं.
तो दचकला. "क्यों दादाजी, आवाज कम है क्या?"
नाही रे, म्हणालो,
आवाज अगदी बरोबर आहे.